मिरजेचं देणं

प्रोस्टेटचा कॅन्सर काढून टाकल्यावर सगळे म्हणाले, सुटलात. खरंच सुटलो होतो. फक्त लघवीवरचा ताबाही सुटला होता. खोकलं, शिंकलं, खुर्चीवरून उठलं की पॅड ओलं. काही महिने असं होतं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने आवरतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बहुतेकांचं आवरतंही. माझं वर्ष उलटलं तरी आवरेना.

मी पेटीवाला. साथसंगतीत हयात गेली. आमच्या धंद्यात तासन् तास मांडी ठोकून बसायचं, तेही लोकांसमोर. पांढरा लेंगा गेला, गडद सलवारी आल्या. कार्यक्रम रात्रीचा असला की दुपारपासून पाणी बंद. गवयाने माझ्याकडे बघून दाद दिली तरी माझं लक्ष बैठकीच्या चादरीकडे. शेवटी ‘गुडघे धरलेत’ म्हणून सुपाऱ्या घेणंच सोडलं. गुडघ्यांवर काहीही ढकललं तरी लोक विश्वास ठेवतात.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत अण्णांकडे माझं येणंजाणं जुनं. त्या दिवशी ते एका तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा कानस. चहा आला, मी नको म्हणालो. पाणी आलं, तेही नको. मान वर न करता अण्णांनी विचारलं, “मास्तर, दिवसाला पॅड किती लागतात?”

दवाखान्याबाहेर हे मला कुणी विचारलं नव्हतं. बायकोनेही नाही, ती नुसता पुडा संपायच्या आत नवा आणून ठेवायची. (तिचं देणं निराळं. ते असं छापलेलं तिला आवडणार नाही.)

अण्णांनी पोराला बाहेर पिटाळलं, दार ओढून घेतलं. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले, मग डबीतून तपकिरीची चिमूट काढून नाकात ओढली. लागोपाठ तीन शिंका, भिंतीवरच्या तारा झणझणल्या. “बघा,” म्हणाले आणि उभे राहिले. पांढराशुभ्र लेंगा, कोरडा ठणठणीत. “प्रोस्टेट माझीबी काढलीय. आत झडप बसवलीय, कृत्रिम.”

मग त्यांनी कानस बाजूला ठेवून सगळं समजावलं. सिलिकॉनचे तीन भाग. मूत्रमार्गाभोवती बांगडीसारखा कफ, ओटीपोटात एक फुगा, अंडकोशात एक छोटा पंप. नळ्यांनी तिन्ही जोडलेले आणि आत पाणी भरलेलं. एरवी कफ भरलेला असतो, मूत्रमार्ग दाबून धरतो. लघवीला जायचं तेव्हा पंप दोनतीनदा दाबायचा. कफातलं पाणी फुग्यात जातं, वाट मोकळी होते. नंतर आपण काही करायचं नाही. फुग्याच्या दाबाने दोनतीन मिनिटांत पाणी आपोआप कफात परततं. “तुमच्या पेटीचा भाता उलटा धरा,” अण्णा म्हणाले, “दाबला की गप्प बसायचं सोडून वाहायला लागतंय.”

ऑपरेशन ठरल्यावर मी या झडपेची कुळकथा वाचून काढली, कारण आपण कुणाकुणाचं देणं लागतो ते मला कळायला हवं होतं. दवाखान्यात ज्याला नुसतं ‘फोली’ म्हणतात ती फुग्याची नळी ज्यांच्या नावाची, त्या फ्रेडरिक फोली यांनी 1947 सालीच मूत्रमार्गाला दाब देणारा कफ मांडला होता. त्याचा पंप शरीराबाहेर, पँटच्या खिशात. सगळं शरीराच्या आत गेलं ते 1972 मध्ये, अमेरिकेतल्या ह्यूस्टनला. ते करणारे तिघे: ब्रँटली स्कॉट यूरॉलॉजिस्ट, विल्यम ब्रॅडली मज्जातंतूंचे डॉक्टर आणि जेराल्ड टिम इंजिनिअर. शेवटचे दोघे मिनेसोटाचे. त्या पहिल्या यंत्राला दोन पंप होते, एक उघडायला, दुसरा मिटायला. माझ्यात आहे तो एका पंपाचा, बंद ठेवायचं बटण असलेला एएमएस 800 हा 1983 च्या सुमारास आला. मधल्या वर्षांत ज्यांच्या अंगातली यंत्रं गळली, बिघडली, पुन्हा काढावी लागली, त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत. मला स्कॉटसाहेबांइतकेच तेही सावकार वाटतात.

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे यंत्र बंदच ठेवतात, जखम भरेपर्यंत. त्या दिवसांत गळती जशीच्या तशी, वर टाक्यांची दुखणी. माझा धीर सुटायचा. अण्णांचा फोन यायचा, “मास्तर, लाकूड वाळल्याबिगर तार चढवत नसतात.” यंत्र चालू झाल्यावर बोटांना पंप सापडेना. कातडीखाली तो निसटायचा. अण्णांनी युक्ती सांगितली: वरची नळी एका हाताच्या चिमटीत धरा, मग दुसऱ्या हाताने खालचा मऊ भाग दाबा. चपटा झाला की सोडा. एकदा हाताला वळण पडल्यावर काळी चार शोधावी लागत नाही, तसंच झालं. आजही जोराचा ठसका लागला तर थेंब-दोन थेंब येतात, पातळसं पॅड मी ठेवतो. पण बैठकीला बसतो.

कंपनीचं इंग्रजी कार्ड पाकिटात होतंच. अण्णांनी दुसरं मराठीत स्वतः लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून दिलं: ‘लघवीची नळी घालण्याआधी थांबा. आत झडप आहे. ती आधी उघडून बटणाने बंद करावी लागते. यूरॉलॉजिस्टला विचारा.’ मला तेव्हा ते अती वाटलं होतं. पुढे परगावी एका कार्यक्रमानंतर जुलाब-उलट्यांनी मी जवळजवळ बेशुद्ध झालो. नळी घालायची तयारी झालेली. मिटलेल्या कफातून नळी रेटली तर मूत्रमार्ग फाटू शकतो, सगळं यंत्र काढायची पाळी येते. रात्रपाळीच्या सिस्टरने शर्ट काढताना खिशातलं ते कार्ड वाचलं आणि हात आखडता घेतला. विशीतली मुलगी; वरच्यांची बोलणी खाऊन तिने शहरातल्या यूरॉलॉजिस्टला फोन लावायला लावला. तिचं आडनावही मला ठाऊक नाही.

ही यंत्रंही झिजतात. अण्णांच्या यंत्रातलं पाणी गेल्या वर्षी गळून गेलं, ते पुन्हा पॅडवर आले. बदलायला दाखल झाले तेव्हा रात्री सोबतीला मी थांबलो. खर्चाला हातभार लावू म्हटलं तर उडवून लावलं. “तुमचं यंत्र बदलायची पाळी येईल तवा मी असेन-नसेन,” म्हणाले, “पोराला सांगून ठेवलंय.”

सकाळी डबा घेऊन आलेल्या पोराला मी विचारलं, काय सांगून ठेवलंय? तो म्हणाला, “मिरजेत उतरला की आधी पाणी प्यायला द्यायचं, आणि नको म्हणालात तर ॲडमिट करायचं.”