तबकडीबाहेरचं ब्लूज

कितीतरी वर्षं माझं ठाम मत होतं की खरं ब्लूज जुन्या तबकड्यांतच आहे. ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, सन हाउस यांनी १९२६ ते १९३० या काळात पॅरामाउंट या तबकडी कंपनीसाठी गायलेली गाणी, रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७मध्ये टेक्सासात ध्वनिमुद्रित केलेली २९ गाणी, एवढाच माझा मुलूख. त्यानंतरचं, विजेच्या गिटारीवरचं, रंगमंचावरचं सगळं मला निव्वळ करमणूक वाटायचं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांवरचं प्रेम मात्र तसूभरही कमी झालेलं नाही. पॅरामाउंटची मालक म्हणजे विस्कॉन्सिनमधली खुर्च्या बनवणारी कंपनी. तबकड्यांचा माल हलका, त्यामुळे खरखर फार. साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या गाळ्यांतली यंत्रं रात्री थांबली की मी ही गाणी लावतो. ब्लूजमधला गांधार धड कोमल नाही, धड शुद्धही नाही. दरबारीतला आंदोलित गांधार ऐकलेल्या कानाला तो परका वाटत नाही. ब्लाइंड विली जॉन्सनच्या १९२७च्या ‘डार्क वॉज द नाइट’मध्ये तर शब्दच नाहीत, फक्त गिटार आणि गुणगुणणं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर हे गाणं आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे.

पहिला धक्का बसला तो पॅटनबद्दल वाचताना. ज्याला मी एकांतातला दुःखी गवई समजत होतो, तो मिसिसिपीतल्या मळ्यांवर नाचणाऱ्या गर्दीपुढे गिटार डोक्यामागे धरून वाजवायचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. मी ज्याला अस्सल म्हणत होतो, तो त्या नाचगाण्याचा छोटासा तुकडा होता.

मत खऱ्या अर्थाने बदललं ते वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. २०११पासून तिथे महिंद्रा ब्लूज महोत्सव होऊ लागला. शिलाँगच्या ‘सोलमेट’ या बँडमधले रुडी वालांग गिटारीवर होते आणि टिप्रिती खारबांगर गायला. लुइझियानात कष्टकरी घरात जन्मून १९५७मध्ये शिकागोला गेलेले बडी गायही या महोत्सवात येऊन गेले. ब्लूजचं कडवं साधं असतं: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसऱ्या ओळीत तिचा निकाल. प्रत्येक ओळीनंतर थोडी मोकळी जागा सुटते. तबकडीवर ती जागा गिटार भरते, म्हणून ती गिटारीचीच असं मी धरून चाललो होतो. सभागृहात तिथे माणसं ओरडली, टाळी आली, कुणी ‘हो’ म्हटलं. तीच ओळ पुन्हा आली तेव्हा ती पहिल्यासारखी राहिली नव्हती. गाणाऱ्याने ऐकणाऱ्यांचं बोलणं तिच्यात घेतलं होतं.

हे समजायला इतकं लांब जायची गरज नव्हती. साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपरला उतरलं की चिराग नगर जवळच. वाटेगावहून पायी मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे तिथे राहिले. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड पुस्तकात वाचली तर विरहाची कविता वाटते. शाहिराच्या तोंडून, झीलकऱ्यांच्या साथीने ऐकली की ती अख्ख्या गिरणगावाची होते. ब्लूज गायक मडी वॉटर्सही १९४३मध्ये मिसिसिपीचा मळा सोडून शिकागोला गेला. तिथल्या क्लबांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची घेतली. साकीनाक्याच्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं की ही गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गावाहून आलेल्या माणसाला शहरात ऐकू जायचं असेल, तर आवाज वाढवावाच लागतो. त्याने गाणं बाटत नाही.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी रॉबर्ट जॉन्सनपासून सुरुवात करायला सांगत नाही. आधी गाणाऱ्यासमोर जाऊन बसा, गर्दीत बसा, दाद द्या. मग १९३०ची तबकडी लावा. ओळीनंतर सुटलेली ती जागा तुमच्यासाठी होती, हे तेव्हा तबकडीवरही ऐकू येईल.