गोळी फुटेपर्यंत

अमृतराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काशीत बांधून काढलेल्या घाटाला आज बहुतेक लोक राजाघाट म्हणतात. आमच्या मराठी घरांत तो अमृतराव घाटच होता. त्या घरांत आजारपण आलं की आधी सहाण निघायची. तान्ह्या बाळासाठी वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग ओळीने मांडलेली असायची आणि कशाचे किती वेढे द्यायचे हे आजीला पाठ असायचं. अत्यवस्थ माणसासाठी हेमगर्भाची मात्रा निघायची, दगडासारखी कठीण. ती आल्याच्या रसात किंवा मधात उगाळताना घरातलं कुणी मोठ्याने बोलत नसे. ‘आणखी दोन वेढे दे गं,’ असं सासूने म्हणायचं आणि सुनेने मनगटाला जोर द्यायचा. औषध डोळ्यांदेखत झिजायचं आणि मगच जिभेवर जायचं.

आता आपण चंदेरी पापुद्र्यातून गोळी दाबून बाहेर काढतो, घोटभर पाण्याबरोबर गिळतो आणि कामाला लागतो. झिजण्याचं, फुटण्याचं सगळं काम पोटाकडे गेलं. हे चांगलंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्रेत सोन्याबरोबर पारा असायचा आणि वेढ्याचं वजन उगाळणाऱ्याच्या मनगटावर ठरायचं. सहाण नीट धुतलेली नसली तर बाळाच्या पोटात गुटीबरोबर काय काय जाई, ते आठवूनही अंगावर काटा येतो. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी थकलेल्या हाताने दिली तरी ५०० मिलिग्रॅमचीच राहते.

पण गोळी पोटात फुटते की नाही, हे कुणीतरी बघायला हवं होतं. ते काम आमच्या पिढीच्या वाट्याला आलं. याच शहरात, बनारस हिंदू विद्यापीठात, महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ साली औषधशास्त्राचं शिक्षण सुरू केलं आणि १९३७ मध्ये बी. फार्म.चा अभ्यासक्रम आला. देशातलं या विषयाचं पदवीशिक्षण इथूनच सुरू झालं. घाटावरच्या गल्ल्यांतून सायकलवर विद्यापीठाजवळच्या लंका भागापर्यंत जायचं, तिथे शिकायचं आणि मग मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांत नोकरी धरायची, ही आमच्यातल्या कितीतरी जणांची वाट.

कारखान्यात गोळी फुटण्याच्या त्या चाचणीला, म्हणजे डिसइंटिग्रेशन टेस्टला, सगळे ‘डीटी’ म्हणायचे. पाण्याच्या हौदात एक लिटरचं चंचुपात्र, तापमान ३७ अंश, मागेपुढे दोन अंश. त्यात सहा काचेच्या नळ्यांची टोपली, खाली दोन मिलिमीटरच्या छिद्रांची स्टीलची जाळी. प्रत्येक नळीत एक गोळी टाकायची, मोटर सुरू करायची आणि टोपली मिनिटाला साधारण तीस वेळा खालीवर होत राहायची. आवरण नसलेल्या गोळीला पंधरा मिनिटं, साखरेच्या आवरणाच्या गोळीला तासभर. हातात स्टॉपवॉच घेऊन, काचेपाशी वाकून आम्ही बघत राहायचो. स्टार्चची गोळी पाण्यात चुनखडा विरावा तशी फुगायची, तडकायची आणि ढासळायची. लॅक्टोजची गोळी कडांनी झिजत झिजत बारीक व्हायची. मॅग्नेशियम स्टिअरेट हे वंगण मिसळताना कुणी मिक्सर जास्त वेळ फिरवला असेल, तर गोळी पाणी प्यायलाच तयार नसायची. तिच्या अंगावर बुडबुडे चिकटून राहायचे. ते बुडबुडे दिसले की जुना केमिस्ट घड्याळाकडे न बघता थेट मिक्सिंगच्या खोलीकडे निघायचा. एखाद-दुसरी गोळी राहून गेली तर आणखी बारा गोळ्या लावायच्या, अठरांतल्या सोळा तरी फुटल्या पाहिजेत. जाळीवर लगदा उरला तर काचेच्या कांडीने तो दाबून बघायचा, कारण गोळीत कडक गाभा उरता कामा नये, असं फार्माकोपिया ही औषधांची प्रमाणसंहिताच सांगते. आमच्याआधीचे लोक तर गोळीची बळकटीही हातानेच तपासायचे: गोळी अंगठा आणि दोन बोटांत धरून मोडायचे आणि ‘कट्’ असा आवाज आला की तिला पुरेशी बळकट म्हणायचे.

आजच्या यंत्रात प्रत्येक नळीत गोळीवर एक चकती बसते. गोळी संपून चकती जाळीला टेकली की यंत्राला ते कळतं, वेळ आपोआप नोंदली जाते आणि कागद छापून येतो. त्यावर तारीख असते, सही असते, कुणी कधी काय बदललं त्याचा माग असतो. आमच्या वहीत यातलं काही नव्हतं. शेवटचा बारीक तुकडा कधी गेला, यावर दोन माणसांचं एकमत होत नसे. रात्रपाळीला पहाटे चारच्या सुमारास डोळे मिटायचे. आणि न बघताच आकडा लिहायची सोय हाताने भरलेल्या वहीत होतीच. रुग्णाच्या बाजूने विचार केला तर चकती हजारपट बरी.

तरीही ती चकती गोळीला झाकते, ही गोष्ट मला सलते. चौदा मिनिटं दहा सेकंद लागली, एवढं कागद सांगतो. ती फुगून फुटली की झिजून संपली, तिच्यावर बुडबुडे होते का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. सहाणेवरचं औषध आपल्यासमोर झिजायचं, गोळीने ते पोटात नेऊन लपवलं, काचेच्या नळीने थोड्या वेळासाठी परत समोर आणलं आणि आता तिथेही बघणारं माणूस उरलं नाही.

त्या बघण्याने सगळं कळत होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. फुटणं म्हणजे विरघळणं नव्हे, हे आम्हाला उशिरा उमगलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंडेनबॉम यांनी हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा तितकाच डोस घेऊनही रक्तातलं औषधाचं प्रमाण सातपटीपर्यंत वेगळं निघालं. गोळी वेळेत विस्कटली, तरी तिचे कण विरघळतीलच असं नव्हतं. म्हणून डिसोल्यूशनच्या, म्हणजे औषध किती विरघळतं ते मोजण्याच्या चाचणीला महत्त्व आलं आणि आमच्या डीटीचा मान उतरला. तो उतरायलाच हवा होता.

घरातली शेवटची उगाळणीसुद्धा अशीच गेली. सहाण माळ्यावर चढल्यावरही आई आमच्यासाठी दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडायची, वर चिमूटभर साखर घालायची आणि ‘आ कर’ म्हणायची. आता हळूहळू औषध सोडणाऱ्या किंवा आतड्यात फुटणाऱ्या गोळ्या असतात. त्या चिरडल्या तर चोवीस तासांचा डोस एकदम अंगात भिनू शकतो किंवा औषध पोटातल्या आम्लात वाया जातं. मी स्वतः शेजारच्या काकूंना ‘गोळी अजिबात कुटू नका’ असं बजावून सांगतो आणि सांगताना मला आईचे ते दोन चमचे दिसतात.

कारखान्यांकडे माझं काही मागणं नाही, तिथे चकतीच असू दे. महाविद्यालयांकडे आहे. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना डीटी शिकवताना नळ्या उघड्या ठेवा. एक बरी गोळी आणि एक मुद्दाम बिघडवलेली गोळी शेजारशेजारच्या नळ्यांत सोडा. पंधरा मिनिटं त्यांना फोन बाजूला ठेवायला सांगा. आणि उरलेला लगदा कांडीने त्यांनाच दाबून बघू द्या.