खरखरीचा माग

मिरजेत मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कुणी खरखरणारा सेट आणला की मामा पेचकस हातात घ्यायचे नाहीत. आधी एरियलची वायर काढायचे. खरखर थांबली तर ती बाहेरची: कुठे वीज चमकत असेल, शेजारच्या गिरणीची मोटर ठिणग्या टाकत असेल. नाही थांबली तर बहुधा आतली. गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकलेलंही नसायचं आणि अर्धा तपास उरकलेला असायचा.

बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. वळवाचे ढग दाटलेले असले की अमीन सयानींच्या आवाजावर तडतड उठायची. मी म्हणायची, “मामा, करा ना काहीतरी.” ते म्हणायचे, “अगं, ती आभाळाची आहे. तिला डाग देता येत नाही.” एक खरखर सोसायची असते आणि दुसरी शोधायची असते, हे मला तिथे समजलं.

पुढे कार्ल जान्स्कीविषयी वाचलं तेव्हा मामाच आठवले. बेल प्रयोगशाळेतला हा तरुण इंजिनिअर अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनमध्ये येणाऱ्या व्यत्ययाचा उगम शोधत होता. न्यू जर्सीत त्याने फिरता अँटेना उभारला. जवळच्या वादळांची तडतड वेगळी काढली, लांबच्या वादळांची वेगळी काढली. तरी एक सलग फुसफुस उरलीच, आणि ती रोज सुमारे चार मिनिटं आधी येई. म्हणजे सूर्याबरोबर नव्हे, ताऱ्यांबरोबर. ती आकाशगंगेतून, धनू राशीच्या दिशेने येते, हे त्याने 1933 मध्ये जाहीर केलं. रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात तिथून झाली. एवढ्या चिकाटीने खरखर ऐकणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आमच्या घरी फोन आला तेव्हा पहिल्याच पावसात लाइनीत खरखर शिरली. लाइनमनने आमचं यंत्र बाजूला काढलं, खांबावरच्या डब्यात स्वतःचा फोन जोडला, आणि हिरवा पडलेला जोड तिथे सापडला. रीत तीच.

आता घरी मीच बांधलेला व्हॉल्व्हचा प्रीअँप आहे, ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी. दोन्ही बाजूंना एकेक ईसीसी 83, म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. बरेचसे सुटे भाग मामांच्या दुकानातल्या पत्र्याच्या डब्यातले. गेल्या पावसाळ्यात डाव्या स्पीकरमधून खरखर यायला लागली. सुरुवातीला काही नाही. व्हॉल्व्ह तापले, चासी गरम झाली, की मधूनच कुणी कागद चुरगाळावा तसा आवाज. सुई तबकडीवरून उचलली तरी चालूच, म्हणजे तबकडी सुटली.

पुष्कळ जण अशा वेळी ट्रेबल उतरवतात. मला हे मुळीच पटत नाही. माझ्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियनच्या तबकड्या आहेत. ते मिरजेतच राहिले, आणि मिरजेचे तानपुरे सगळीकडे जातात. लाखेच्या तबकडीचा स्वतःचा चरचराट असतोच, तो मला चालतो. पण ट्रेबल उतरवला की खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही जाते. जिच्यासाठी ऐकायला बसायचं, तीच गमवायची?

व्हॉल्यूम शून्यावर आणला तर खरखर बंद. म्हणजे दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या अलीकडे. डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल केले; खरखर डावीकडेच राहिली, म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. व्हॉल्व्हच्या पिना पुसल्या, बेसमधले चिमटे आवळले, फरक नाही. मग सुकी बांबूची काडी घेऊन एकेका डागावर हलकेच टकटक केली. कच्चा डाग असता तर काडी लागताच कडाडला असता. तसंही झालं नाही.

इथून पुढे सावकाश जावं लागतं. आत अडीचशे व्होल्ट असतात, आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात. रेझिस्टन्स लावून ते उतरवायचे, मीटरवर खात्री करायची, मगच हात घालायचा. सेट चालू असताना काही मोजायचं तर एक हात पाठीमागे. ही शिस्तही मामांचीच.

सेट बंद करून दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडपासून अर्थपर्यंत एक कंडेन्सर जोडला आणि पुन्हा चालू केला: खरखर गेली. तर मग ती पहिल्या ट्रायोडच्या टप्प्यातून किंवा त्याच्याही आधीपासून येते. तो कंडेन्सर काढून पहिल्या ग्रिडचं तोंड अर्थला जोडून बंद केलं, तर ती परत हजर; म्हणजे आत येणाऱ्या वायरीतून नव्हे, त्याच टप्प्यातून. कपलिंग कंडेन्सरमधून डीसी झिरपत नव्हता. उरला प्लेटचा एक लाख ओहमचा रेझिस्टन्स, जुन्या कार्बन कॉम्पोझिशनचा, तपकिरी कांडीसारखा. मीटर म्हणत होता तो ठीक आहे. पण मीटर जेमतेम काही व्होल्ट लावून बघतो. इथे त्याच्यावर शंभराच्या आसपास व्होल्ट पडतात. कार्बनच्या कणाकणांतून वाट काढत जाणारा प्रवाह जुन्या, दमट हवा प्यायलेल्या रेझिस्टन्समध्ये एकसारखा वाहत नाही, अडखळतो. पहिल्याच टप्प्यावरचं ते अडखळणं पुढे कितीतरी पट मोठं होऊन ऐकू येतं.

मेटल फिल्मचा नवा रेझिस्टन्स बसवला. दोन तास चालवला, खरखर आली नाही. स्पीकरला कान लावला तर एक बारीक, सलग फुसफुस तेवढी येते. ती जायची नाही. कुठल्याही रेझिस्टन्समध्ये नुसत्या उष्णतेने ती उमटतेच. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी 1928 मध्येच तिचा हिशेब मांडून ठेवला आहे.

उजव्या बाजूचा रेझिस्टन्स अजून शांत आहे. पण तोही त्याच डब्यातला, त्याच वयाचा. या रविवारी तोही बदलणार आहे.