आमच्या वसतिगृहातील सण

नाशिकच्या एका वसतिगृहात माझी शाळेतील पाच वर्षे गेली. शिक्षणासाठी घर सोडून आलेल्या मुलांना आसरा देण्याची या नगराची परंपरा जुनी आहे. १९१४ साली येथे उदोजी मराठा बोर्डिंग सुरू झाले. १९२० च्या एप्रिलमध्ये त्याच्या इमारतीची कोनशिला राजर्षी शाहू महाराजांनी बसविली. आमचे वसतिगृह त्यामानाने अगदी लहान. मुले अवघी तीस. पण ती निफाड, येवला, मालेगाव, सुरगाणा अशा चहूकडच्या तालुक्यांतून आलेली.

घरची आठवण एरवी अभ्यासात बुडून जाई. सणाच्या दिवशी मात्र ती हटकून वर येई. आमच्या गृहपतींना हे ठाऊक होते. त्यांनी एक नियम घातला होता : ज्याचा सण असेल त्याने सायंप्रार्थनेनंतर त्याची माहिती सांगायची आणि त्या दिवशीची त्याची कामे इतरांनी करायची.

त्यामुळे आमचे वर्ष मोठे रंगीत झाले. पोळ्याला आम्ही गोदाकाठची माती आणून बैल घडवीत असू. ईदेला मालेगावच्या मित्राच्या घरून शेवया येत आणि शिरखुर्म्याचा सुगंध साऱ्या ओसरीवर दरवळे. नाताळात कागदी तारे टांगले जात. संक्रांतीला येवल्याची मुले आमची गुरू होत. त्यांच्यासारखा पतंग कोणालाच उडविता येत नसे. रंगपंचमीला गृहपती आम्हांला जुन्या नाशकातील रहाड पाहावयास नेत. हे पेशवेकालीन हौद एरवी मातीखाली झाकलेले असतात. त्या दिवशी ते उघडून रंगीत पाण्याने भरतात. कोणी त्यात उडी घेतली, की काठावरची माणसेही रंगून निघतात!

या सर्व सणांचा एक तक्ता भिंतीवर लावलेला होता. सुरगाण्याकडच्या एका अबोल मुलाच्या नावापुढची जागा मात्र रिकामीच होती. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी गृहपतींनी त्याला त्याचा सण विचारला. तो हळूच म्हणाला, "आमची वाघबारस असते. आम्ही वाघदेवाला पुजतो."

"वाघ ओवाळून घ्यायला थांबतो वाटतं?" मी मोठ्याने म्हणालो. सगळे हसले. तो खाली बसला. सुट्टीनंतर आपण परत येणार नाही, असे त्याने त्या रात्री शेजारच्या मुलाला सांगितले.

गृहपती मला रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "वसुबारसेला तुझ्या घरी काय करतात?"

"गाय-वासराची पूजा."

"त्याचा सणही त्याच दिवशी, आश्विन वद्य द्वादशीला असतो. तुझी गाय गोठ्यात बांधलेली असते. त्याची गुरे रानात चरतात. मग रानात कोणाची आठवण ठेवायची?"

मला उत्तर सुचले नाही. रात्रभर झोपही आली नाही. सकाळी मी त्याच्यापाशी गेलो. तो ट्रंक भरीत होता. "माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझा सण आम्हांला शिकवशील?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे गुराखी पोरं दारोदार धान्य मागतात."

त्या दिवशी आम्ही पिशवी घेऊन खोलीखोलीतून मूठमूठ तांदूळ गोळा केले. संध्याकाळी आंगणात खीर शिजली. कोणी अस्वल झाले, कोणी कोल्हा. "तू वाघ हो," तो मला म्हणाला आणि काठी घेऊन त्याने मला आंगणभर पळविले. सगळे हसले, या वेळी तोही हसला. प्रार्थनेनंतर तो उभा राहिला. "गावाच्या शिवेवर लाकडी फळीवर कोरलेला आमचा वाघदेव असतो," तो म्हणाला. "रान त्याचंही आहे. त्यानं त्याच्या वाटेनं जावं, आमची गुरं सुखरूप राहावीत, एवढंच आम्ही मागतो."

सुट्टी संपली त्या दिवशी मी फाटकातच बसून होतो. एकेक मुलगा येत होता. दिवेलागणीच्या सुमारास खांद्यावर ट्रंक घेतलेला तोही येताना दिसला. मी धावत जाऊन ट्रंकेची एक कडी धरली.

तक्त्यावरील त्याच्या नावापुढची जागा आता रिकामी नव्हती. तेथे 'वाघबारस' हा शब्द मी माझ्या हाताने, शक्य तितक्या सुंदर अक्षरात लिहून ठेविला होता.