गौरव वेळेवर व्हावा

काष्टीच्या शनिवारच्या बाजारांतील बैलजोड्या पाहिल्या म्हणजे मला १९५२ सालच्या एका मिरवणुकीचें वाचलेलें वर्णन आठवतें. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकलेले खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत कुस्तीचें कांस्यपदक जिंकून परतले, तेव्हां शंभरावर बैलगाड्या त्यांस गोळेश्वर गांवीं नेण्यास लोटल्या होत्या. स्वतंत्र भारतास मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्यामागें एक गुरु उभे होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं शिष्याच्या प्रवासासाठीं स्वतःचें घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबा हें विसरले नाहींत. परतल्यावर कुस्त्या भरवून त्यांनीं तें घर सोडविलें.

सरकारी सन्मान मात्र रेंगाळत आला. खाशाबा १९८४ सालीं अपघातांत निवर्तले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन आतां महाराष्ट्रांत राज्य क्रीडादिन म्हणून पाळतात.

विद्यार्थिमित्रहो, शाळांनीं तरी इतका विलंब लावूं नये. गणितांत मागें पडणारा मुलगा कबड्डींत सर्वांच्या पुढें असतो; पण बक्षीससमारंभांत त्याचें नांव शेवटीं, घाईघाईनें वाचलें जातें, हें मी अनेक वर्षें पाहत आलों आहें. माजी खेळाडूंचीं नांवें फलकावर यावींत, आणि प्रत्येक नांवाखालीं त्याच्या क्रीडाशिक्षकाचेंही नांव असावें. तीं माणसें हयात असतांनाच त्यांस शाळेंत बोलवावें. म्हणजे पदक कसें मिळवावें आणि गुरूचें ऋण कसें फेडावें, हें मुलांस त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळेल.