चिमणी असलेले चौकोन निवडा

काल दिवसभरात मी माणूस असल्याचं सात वेळा सिद्ध केलं. मुद्दाम मोजलं. बँकेच्या साइटवर एकदा, विम्याच्या साइटवर दोनदा (पहिल्यांदा त्यांना पटलं नाही), एका सरकारी पोर्टलवर तीनदा, आणि रात्री बूट घेताना एकदा. बायकोला हे कौतुकानं सांगितलं तर म्हणाली, "मला अजून खात्री नाही."

हे चौकोन आता सगळ्यांनाच पाठ झालेत. नऊ नाहीतर सोळा. त्यात सिग्नल शोधा, बस शोधा, जिने शोधा. चित्रं बहुतेक अमेरिकेतल्या रस्त्यांची असावीत अशी दिसतात. फायर हायड्रंट नावाचा तो बुटका खांब माझ्या पाहण्यात पुण्यात कधी आला नाही, तो कसा दिसतो हे मला या कोड्यांनीच शिकवलं. पार्किंग मीटरचंही तेच. टॅक्सी म्हणजे नुसती पिवळी, काळी-पिवळी नव्हे. आणि चिमणी शोधा म्हटलं की मराठी मन आधी वळचणीला बघतं, मग लक्षात येतं की छपरावरचं धुराडं म्हणताहेत. सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही यावर आमच्या हापिसात दोन तट आहेत. मी खांब न धरणाऱ्यांतला.

विनोद बाजूला. हा प्रकार मुळात आला कुठून ते थोडं सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

ॲलन ट्युरिंगनं १९५० साली एका लेखात विचारलं होतं, की यंत्राशी लेखी गप्पा मारणाऱ्या माणसाला समोर यंत्र आहे हे ओळखता आलं नाही, तर त्या यंत्राला बुद्धी आहे म्हणायचं का? त्यात परीक्षक माणूस होता. पन्नासेक वर्षांनी परीक्षक बदलला. २००० च्या सुमारास याहूच्या चॅटरूममध्ये प्रोग्राम घुसून जाहिराती टाकायचे, त्यांना बाहेर ठेवायला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम वगैरे मंडळींनी वेडीवाकडी अक्षरं वापरली. माणसाला वाचता येतील, प्रोग्रामला नाही. कॅप्चा हे नाव त्यांचंच, आणि त्यातला 'टी' ट्युरिंगचा. आता यंत्र परीक्षक आणि आपण परीक्षार्थी.

याच फॉन आनना नंतर लोकांच्या वाया जाणाऱ्या वेळाची टोचणी लागली. मग २००७ साली त्यांनी री-कॅप्चा काढलं. दोन शब्द दाखवायचे, एक उत्तर माहीत असलेला, दुसरा जुन्या छापील पानाच्या स्कॅनमधून संगणकाला न लागलेला. पहिला बरोबर लिहिलात की दुसराही बरोबर असणार असं धरायचं आणि अनेकांची उत्तरं ताडून बघायची. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असे लोकांनी फुकटात टाइप करून दिले. कल्पना म्हणून मला आजही ही ग्रेट वाटते. २००९ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं.

आणि २०१४ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी जाहीर केलं, की त्यांचा प्रोग्राम सगळ्यात अवघड वेडीवाकडी अक्षरंसुद्धा ९९.८ टक्के बरोबर वाचतो. म्हणजे खरं तर विषय तिथेच संपला होता. माणसाचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या लोकांनी २०२३ मध्ये चौदाशे माणसांना बसवून मोजलं. अशा अक्षरांच्या कोड्यात माणसं प्रकारानुसार ५० ते ८४ टक्के बरोबर आली. चित्रांची गोष्टही वेगळी राहिली नाही. झुरिकच्या ईटीएचमधल्या तिघांनी २०२४ साली योलो नावाचं, कुणालाही उतरवून घेता येणारं मॉडेल शिकवून चौकोनांची कोडी शंभर टक्के सोडवून दाखवली.

मग आपण अजून चौकोन का दाबतोय? तर आता परीक्षा चौकोनांची नसतेच मुळी. २०१४ च्या शेवटी 'मी रोबो नाही' ही टिचकी आली, तेव्हापासून खरी तपासणी पडद्यामागे होते. तुमच्या कुकीज, ब्राउझरचा पूर्वेतिहास, कुठल्या आयपी पत्त्यावरून आलात, वगैरे. २०१८ च्या आवृत्तीत तर चित्रं वगैरे काही नाही, गुपचूप तुम्हाला ० ते १ मधला एक आकडा दिला जातो. दहावीचे मार्क निदान कळायचे तरी. ईटीएचच्या त्याच लेखात म्हटलंय की तुम्ही माणूस आहात का हे ठरवताना कुकीज आणि हिस्टरीवर मोठी भिस्त असते. थोडक्यात, तुम्ही माणूस आहात का हा प्रश्नच नाही. तुम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकासारखे दिसता का, हा प्रश्न आहे.

तुम्हाला वारंवार का विचारतात त्याचं उत्तरही इथेच आहे. इनकॉग्निटो खिडकी उघडलीत, तुम्ही अनोळखी. कुकीज पुसल्यात, अनोळखी. व्हीपीएनमधून आलात, तर अनोळखी आणि वर संशयित. आणि मोबाइल डेटावर असाल तर आणखी एक भानगड असते, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण साधारण ४३० कोटी. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले. त्यामुळे मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो फोन बसवतात. वाड्यासारखं आहे हे. एका बिऱ्हाडातल्या कार्ट्यानं समोरच्याची काच फोडली की समोरचा "त्या वाड्यातली पोरं" म्हणूनच बोलतो. तुमच्या पत्त्यामागच्या कुठल्यातरी फोनमध्ये काहीतरी घाण शिरलेली असते, आणि जिने तुम्ही शोधत बसता.

इथपर्यंत वैताग आहे, पण चालवून घेता येतो. माझे मोठे काका सांगलीला असतात, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय ७४, एसटीत कंडक्टर होते, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पैशांचा हिशोब आजही तोंडी. एका सरकारी पोर्टलवर त्यांना दर थोड्या दिवसांनी लॉगिन करावं लागतं आणि तिथे अजून जुनी अक्षरांची पद्धत आहे, कॅपिटल-स्मॉल सकट. त्यांचा फोन यायचा. संवाद साधारण असा:

"शेवटचं अक्षर काय आहे अण्णा?"

"गोल आहे."

"शून्य की ओ?"

"ते मी कसं सांगू? गोल आहे आणि त्याच्यावरनं रेघ मारलीय."

"रेघ सगळ्यांवरच मारलेली असते."

"मग खोडलेलं अक्षर लिहायचं कशाला? खाडाखोड केलेलं तिकीट आम्ही चालवून घेत नव्हतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर संगणकशास्त्राकडेही नाही. अक्षर चुकलं की ते पोर्टल पासवर्डही पुसतं, मग तो परत टाका. तोवर ओटीपी येतो, तो शोधायला फोनवरून बाहेर पडावं तर परत येईपर्यंत पान कालबाह्य. तीनदा चुकलं की खातं चोवीस तास बंद.

मग अण्णांचे फोन यायचे थांबले. मला वाटलं जमायला लागलं. दिवाळीला गेलो तेव्हा सहज विचारलं, तर म्हणाले, चौकातला झेरॉक्सवाला करून देतो, एका वेळचे वीस रुपये. म्हटलं पासवर्ड? "त्याच्या वहीत आहे ना." मी त्या दुकानात जाऊन आलो. दोनशे पानी वही, तारखा घालून, एकेका ओळीत नाव, युजर आयडी, पासवर्ड. अर्ध्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची नावं होती. मुलगा सज्जन आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, अक्षरही सुरेख आहे. आणि ओटीपी आला की अण्णा तिथेच उभे राहून मोठ्यानं वाचून दाखवतात, आजूबाजूला पाच माणसं असताना.

म्हणजे बघा, खातं सुरक्षित राहावं म्हणून जी पाटी दारात लावली तिच्यामुळे खात्याची किल्ली वहीत गेली.

यातला हिशोब मला जास्त लागला. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी कॅप्चा सोडवून देणाऱ्या धंद्याचा अभ्यास केला होता. स्पॅम पाठवणारे लोक चक्क माणसं लावून कॅप्चा भरून घ्यायचे, आणि भाव होता हजाराला साधारण एक डॉलर, कधी त्याच्याही निम्मा. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं लिहिलं की हे काम भारत, बांगलादेश, चीन इथली माणसं करतात. तेव्हाच्या डॉलरच्या भावानं एका कॅप्चाचे साडेचार पैसे पडतात. 'घरबसल्या टायपिंग करून कमवा' ही जाहिरात आठवते? ती बऱ्याचदा हीच असायची. हॉस्टेलवरचा माझा रूमपार्टनर दोन रात्री जागून हे करत होता, पैसे काढायची किमान रक्कम गाठायच्या आत त्याचं खातं बंद झालं. तर, ज्याला आत येऊ द्यायचं नाही त्याला हे दार साडेचार पैशांत उघडत होतं, आता तर मशीनला जवळपास फुकटात उघडतं. ज्याचं स्वतःचं घर आहे त्या अण्णांना वीस रुपये.

आणि अण्णांना निदान दिसतं तरी. पूर्ण अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला चित्रातलं अक्षर वाचता येत नाही. वाचता आलं असतं तर बॉटलाही आलं असतं, हाच तर कोड्याचा पाया. पर्याय म्हणून ऐकायची सोय असते, पण ती बहुधा इंग्रजीत आणि मागे मुद्दाम खरखर घातलेली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं २००५ मध्येच या अडचणीवर टिपण काढलं होतं. आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठानं याच्या शेजारच्या प्रश्नावर निकाल दिला. ऑनलाइन केवायसीत समोरचा माणूस जिवंत आहे हे बघायला डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्या बाईंना ती करताच येत नाही, त्यांनी काय करायचं? न्यायालयानं वीस निर्देश दिले, पापणी लवण्याला पर्याय द्या हा त्यातला एक, आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. निकाल केवायसीचा आहे, पण लॉगिनची पानं बनवणाऱ्या आम्हा लोकांनी तो वाचायला हवा.

कॅप्चा सरसकट उचलून फेका असं मी म्हणत नाही. जिथे कुणीही येऊन फुकटात खातं उघडू शकतो, तिथे चार पैशांचा का होईना, अडथळा हवा. पण पासवर्ड आहे, ओटीपी आहे, रोजचाच फोन आहे, त्याला परत चिमण्या शोधायला लावण्यात काय हशील? नवीन उपाय येताहेत. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअरनं चित्रांशिवाय चालणारा टर्नस्टाइल आणला, ॲपलनं फोनच तुमची हमी देईल अशी सोय केली. दुसऱ्या प्रकाराबद्दल मी थोडा साशंक आहे. माणूसपणाचा दाखला फोनच्या कंपनीकडून मिळणार, मग जुना किंवा स्वस्तातला फोनवाला कुठे जाणार?

आमच्या प्रोजेक्टमध्ये मागच्या महिन्यात हीच चर्चा झाली. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड आणून आमच्या लॉगिनवर कुणीतरी ठोकून बघत होतं, तेव्हा सिक्युरिटीवाल्यानं सगळ्यांना कॅप्चा लावायचं सुचवलं. त्याचा मुद्दा अगदीच चूक नव्हता; फुकट्या हल्लेखोरांतले निम्मे जरी कंटाळून गेले तरी रात्रीची झोप मिळते. मी वहीची गोष्ट सांगितली. मॅनेजर आधी हसला, मग गप्प झाला, त्याची आईही म्हणे अशाच एका दुकानात जाते. शेवटी ठरलं ते असं: एका खात्यावर किती वेळा प्रयत्न करता येतील यावर मर्यादा, ओळखीच्या फोनवरून आलेल्याला काही विचारायचं नाही, अनोळखी ठिकाणाहून तीनदा चुकलं तरच कॅप्चा, आणि तो चुकला तरी टाकलेला पासवर्ड पुसायचा नाही. शेवटच्या गोष्टीला कोड किती लागला म्हणाल, तर दोन ओळी.

'पासवर्ड विसरलात?' या पानावर मात्र तो अजून तसाच आहे, पहिल्याच फटक्याला. ते पान सगळ्यात जास्त कोण उघडतं हे सांगायला लॉग बघायची गरज नाही. गुरुवारी त्यावर परत मीटिंग लावलीय.