कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा

"आई, आज रात्री मी कॅसरोल करणारे," असं जाहीर केलं आणि आईनं फडताळातून पोळ्यांचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. लाल रंगाचा, कुणीतरी आहेरात दिलेला, झाकण आताशा सैल झालेला. तिचं काहीच चुकलं नाही. आपल्याकडे कॅसरोल ही करायची गोष्ट नसून पोळ्या ठेवायची गोष्ट आहे.

तर झालं असं, गेल्या शनिवारी आम्ही दोघं जालन्याला घरी गेलो होतो. बायकोला दीड वर्षापूर्वी पीसीओएसचं निदान झालं (नातेवाईक पीसीओडी म्हणतात, आणि तेही कुजबुजत). घरात काही बिघडलं की मॅन्युअल शोधायचं ही आमच्या जमातीची खोड. त्यामुळे तेव्हापासून मी 'हार्मोन-फ्रेंडली' असं लेबल असलेल्या रेसिप्या जमवत सुटलोय. त्यातलीच ही एक, मेक्सिकन पद्धतीचं चिकन कॅसरोल. चिकन, राजमा, मका, टोमॅटो, मक्याच्या पोळ्या म्हणजे टॉर्टिया, सगळं थरावर थर लावून वर चीज आणि भांडं ओव्हनमध्ये.

अडचणी तीन. एक, ओव्हन नाही. दोन, टॉर्टिया नाहीत. तीन, आई माळकरी. चिकन आमच्याकडे मागच्या अंगणात शिजतं. वेगळी शेगडी, वेगळा कुकर, वेगळे चमचे. ते पूर्णपणे बाबांचं डिपार्टमेंट.

खरं तर चौथीही अडचण होती. आमच्या लग्नाला चार वर्षं झालीत, आणि मावशीचा दर रविवारी फोन येतो. 'काही बातमी?' यावर आईनं स्वतःपुरतं एक उत्तर शोधलेलं. "हे सगळं त्या बॉयलर कोंबड्यांनी होतंय. इंजेक्शनं देतात त्यांना, हार्मोनची. तीच जातात पोटात." हे ती बायकोसमोरही म्हणायची. म्हणजे दोष कुणाचा, तर चिकन खाणारीचा. (मीही खातो, पण माझं कुणी नाव घेत नाही. असो.)

आता हे इंजेक्शन प्रकरण. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते, म्हणून लोकांना संशय येतो. पण वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर पचून जाईल, म्हणजे प्रत्येक कोंबडीला परत परत टोचावं लागेल. हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये कोण टोचत बसणार? खरं कारण निवडपैदास. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957, 1978 आणि 2005 च्या वाणांच्या कोंबड्या एकाच खाद्यावर वाढवल्या. 56 व्या दिवशी त्यांची वजनं भरली 905 ग्रॅम, 1808 ग्रॅम आणि 4202 ग्रॅम. 2014 साली हे प्रसिद्ध झालं. काळजी करायचीच तर अँटिबायोटिक्सची करावी. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध कोंबड्यांना देण्यावर आपल्या सरकारनं 2019 मध्ये बंदी घातली ती उगाच नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

आणि 'हार्मोन-फ्रेंडली'चंही जवळजवळ तसंच निघालं. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. पाळी चुकते ती या भानगडीत. पण 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सरळ सांगतात की अमुक एक आहार तमुकपेक्षा सरस, असा पुरावा नाही. डाळी-कडधान्यं, भाज्या, पुरेसं प्रथिन, मैदा-साखर कमी, आणि जे रोज निभेल ते. म्हणजे दीड वर्ष मी लेबलंच गोळा करत होतो. हे कळल्यावर जरा हिरमुसलो.

पण राजमा भिजलेला होता, त्यामुळे माघार नाही.

टॉर्टियाऐवजी ज्वारीच्या तीन भाकरी, आदल्या दिवशीच्या. अर्धा किलो चिकन कांदा, टोमॅटो, जिरं आणि चिमूटभर ओवा घालून शिजवलं. एक वाटी राजमा, दोन कणसांचे दाणे. सावर क्रीमऐवजी चक्का, वर थोडंसं किसलेलं चीज. ओव्हनऐवजी कुकर. तळाला जाडं मीठ, त्यावर स्टँड, शिट्टी आणि रबर काढून अर्धा तास मंद आच, थोडक्यात केक करतात तसं. आईसाठी बिनचिकनचं एक छोटं भांडं आत स्वयंपाकघरात.

मिरची मात्र भोकरदनकडची. त्या तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार आमच्याकडे प्रसिद्ध. गंमत म्हणजे मिरची, मका, राजमा, टोमॅटो ही मंडळी मूळची त्याच मेक्सिकोकडची. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली आणि आता तिच्याशिवाय आपला ठेचा नाही. या पूर्ण पदार्थात परकं असं काही असेल तर त्याचं नाव!

मी अंगणात आच सांभाळत बसलो होतो. मागच्या दारात आई आणि बायको कांदा चिरत होत्या. आई अचानक म्हणाली, "मला तरी कुठं दर महिन्याला यायची गं? चार-चार महिने पत्ता नसायचा. सासूबाई राजूरला घेऊन जायच्या, गणपतीला. सहाव्या वर्षी हा झाला."

राजूरचा नवस मला लहानपणापासून पाठ आहे. तो का बोलावा लागला, हे सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"डॉक्टरकडे नाही गेलात, आई?"

"काय सांगणार? आणि कुणी सांगायचं?"

दोघी बराच वेळ बोलत होत्या. नंतर आवाज खाली गेले. आईला पन्नाशीत साखर निघाली, आणि पीसीओएस असलेल्या बायकांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो, हे मला वाचून माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत असूनही कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी शेगडीकडे बघत राहिलो. खालची भाकरी करपली ती तेव्हाच.

बाबांनी पहिला घास घेऊन विचारलं, "बरंय रे. पण भाकरी आणि कालवण वेगवेगळं का नाही वाढलंस?" आईनं तिचं भांडं पुसून खाल्लं, काही बोलली नाही.

रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. आई म्हणाली, "असली की सांगीन ना मी. आणि कोंबडीचं काही नसतंय त्यात, ते वेगळं असतं. बरं ठेवते, पोरं निघायलीत."

निघताना लाल कॅसरोल गाडीत आलं, आत चार गरम भाकरी. खिडकीशी वाकून आई बायकोच्या कानात काहीतरी म्हणाली. शिरूरपर्यंत बायकोनं ते मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.